पबमध्ये ब्लूग्रास जॅम भरवायचा असेल तर

ब्लूग्रास म्हणजे बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिन) अशा तारवाद्यांवर वाजणारं लोकसंगीत, आणि जॅम म्हणजे वादकांनी जमून ते एकत्र वाजवणं. ब्लूग्रास जॅमला माइक नसतो, ॲम्प्लिफायर नसतो, समोर खुर्च्या मांडून बसवलेले श्रोते नसतात. आठ-दहा जण गोल करून बसतात आणि जे कानावर पडतं त्याच्या आधाराने वाजवतात. त्यामुळे खोली निवडण्यापासून बँजोत फडकं कोंबण्यापर्यंतची प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर ठरवायची: गाणाऱ्याचे शब्द गोलातल्या सगळ्यांत लांबच्या माणसाला ऐकू येतायत का? ही कसोटी धरली की जॅमचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

हे संगीत अमेरिकेतलं. केंटकीच्या बिल मन्रोने आपल्या बँडचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’ ठेवलं, 1939 मध्ये तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला, आणि 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजणारा बँजो घेऊन त्याच्याकडे आला. तिथून आज आपण ओळखतो तो ठसका सुरू झाला. मुळातल्या कित्येक चाली मात्र स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधून गेलेल्या लोकांबरोबरच समुद्रापार गेल्या होत्या. उत्तर आयर्लंडमध्ये ओमाजवळच्या अल्स्टर अमेरिकन फोक पार्कमध्ये ब्लूग्रासचा उत्सव भरतो, तो याच नात्याने.

ब्रिटनमध्ये पबात बसून वाजवण्याची सवय जुनी आहे, पण ती मुख्यतः आयरिश सेशनची. पबमालकाला ‘सेशन’ म्हटलं की लगेच कळतं, हा फायदा. तोटा असा, की वाजवणारेही तीच सवय घेऊन येतात. आयरिश सेशनमध्ये सगळे मिळून एकच चाल वाजवतात. ब्लूग्रासमध्ये एका वेळी एकच जण चाल वाजवतो किंवा गातो आणि बाकीचे त्याला साथ करतात. नव्या माणसाला हा एक फरक पहिल्या पाच मिनिटांत सांगितला, तर पुढची अर्धी कटकट वाचते. ओल्ड-टाइम नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यातही सगळे मिळून चाल वाजवतात आणि एकच धून दहा-दहा मिनिटं घोळवतात. बँजो तिथेही असतो, म्हणून लोकांची गल्लत होते. आपला जॅम कुठला, हे जाहिरातीतच स्पष्ट लिहा.

खोली आणि वार

शुक्रवार-शनिवार मागू नका. त्या दिवशी पबला तुमची गरज नसते. सोमवार, मंगळवार किंवा बुधवार मागा, पण आधी क्विझ कधी असते आणि डार्ट्सच्या मॅचेस कधी असतात ते विचारून घ्या. वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेदहा. पबमालकाला खरं तेवढंच सांगा: दहा-बारा माणसं येतील, प्रत्येक जण काहीतरी विकत घेईल, आवाज बाहेर जाणार नाही. आणि येणाऱ्यांनाही सांगून ठेवा, की बिअरच घ्यायला हवी असं नाही. चहा, लेमोनेड, चिप्स, काहीही चालेल, पण तीन तास नळाच्या पाण्यावर बसू नका. खोली फुकट मिळते ती या विक्रीच्या भरवशावर.

खोली बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर खणखणीत घुमार राहिला, तर त्या खोलीत मँडोलिनचे ठोके एकमेकांवर चढतील. कार्पेट, पडदे, गादीच्या बाकांची खोली उत्तम. टीव्ही बंद करता येतो का, फळांच्या चित्रांचं जुगाराचं मशीन भिंतीपलीकडे घुर्र करतंय का, स्वयंपाकघराचं दार कुठे उघडतं, हे पाहा. शेकोटी असेल तर गोल तिच्यापासून किमान दोन मीटर लांब मांडा. हिवाळ्यात सगळ्यांना शेकोटीजवळ बसावंसं वाटतं, पण तापलेली तार सैल पडून उतरते आणि त्या बाजूची गिटार संध्याकाळभर बेसूर राहते.

हात नसलेल्या दहा-बारा खुर्च्या हव्यात. हातांच्या खुर्चीत गिटार मांडीवर नीट बसत नाही आणि बँजोची मान आडवी येते. हे आधी विचारलं नाही, तर पहिली वीस मिनिटं खालच्या मजल्यावरून खुर्च्या वाहण्यात जातात.

परवान्याचं काय

इंग्लंड आणि वेल्समध्ये लाइव्ह म्युझिक ॲक्ट 2012 हा कायदा 1 ऑक्टोबर 2012 पासून लागू आहे. सकाळी 8 ते रात्री 11 या वेळात ॲम्प्लिफायरशिवाय वाजवलेल्या संगीताला करमणुकीचा वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे आपला जॅम याच चौकटीत बसतो. कुणी बेससाठी (खर्जाच्या मोठ्या तारवाद्यासाठी) छोटा ॲम्प आणला की तेवढ्यापुरतं चित्र बदलतं: मद्यविक्रीचा परवाना असलेल्या पबात ॲम्प चालतो, पण 500 श्रोत्यांची मर्यादा आणि पबच्या परवान्यातल्या अटी बघाव्या लागतात. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. तिथे स्थानिक कौन्सिलला विचारा.

दुसरी बाब गाण्यांच्या हक्कांची. ब्रिटनमध्ये रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो. बिल मन्रो 1996 साली गेला, म्हणजे त्याच्या रचना 2066 च्या अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. पबात हौसेने वाजवणं हेही सार्वजनिक सादरीकरणच. पबकडे संगीताच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या ‘पीपीएल पीआरएस’ या संस्थेचं ‘द म्युझिक लायसन्स’ असेल तर काळजी नको, आणि रेडिओ किंवा रेकॉर्ड लावणाऱ्या बहुतेक पबांकडे ते असतंच. तरी पहिल्याच भेटीत विचारा. सोळा वर्षांखालची मुलं येणार असतील, तर प्रत्येकाबरोबर मोठं माणूस हवं, आणि मुलांना किती वाजेपर्यंत थांबता येतं हा त्या पबचा स्वतःचा नियमही असतो.

गोल कसा मांडावा

लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसू नका. ही चूक इतकी सर्रास होते, की तिचं कारण नीट सांगायला हवं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. तीन मीटर व्यासाच्या गोलात समोरच्याचा ठोका तुमच्यापर्यंत 9 मिलिसेकंदांत पोचतो, तो तुम्हाला एकत्रच वाटतो. नऊ मीटरच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून तोच ठोका 26 मिलिसेकंदांनी येतो. मध्यम लयीच्या गाण्यात बेसचा ठोका आणि मँडोलिनचा ठोका यांत सगळं मिळून 300 मिलिसेकंदांचं अंतर असतं. त्यात 26 म्हणजे लय हमखास ओढली जाणार. टेबलाच्या दोन टोकांना दोन वेगळी गाणी चालू होतात, आणि प्रत्येक टोकाला वाटतं की दुसरं टोक मागे पडतंय.

म्हणून टेबल बाजूला सारा. गोलाचा व्यास तीन मीटर, फार तर साडेतीन. बेसवाला उभा असतो, त्याला गोलाच्या कडेला अशी जागा द्या की गिटारवाला त्याच्या शेजारी आणि मँडोलिन समोर येईल. बेस, गिटार आणि मँडोलिन यांची नजरानजर झाली पाहिजे, कारण लय याच तिघांच्या हातात असते. बँजोचा आवाज समोर फेकला जातो, तेव्हा त्याचं तोंड गाणाऱ्याच्या कानाकडे नको, रिकाम्या जागेकडे किंवा दुसऱ्या बँजोकडे असू द्या. ग्लास खुर्चीखाली ठेवा. गोलाच्या मध्ये ठेवलेला ग्लास फिडलच्या गजाला किंवा कुणाच्या तरी पायाला लागतोच.

गोलात आठ ते दहा माणसं बरी. याचाही हिशोब आहे. फिडलची धून सहसा दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. मध्यम लयीत तिचं एक आवर्तन 38 सेकंदांचं होतं. आठ जणांनी एकेक आवर्तन घेतलं तर पाच मिनिटं. वीस जण बसले तर एकच धून जवळजवळ तेरा मिनिटं चालते, आणि बाराव्या माणसापर्यंत सगळ्यांचे हात आणि कान दोन्ही थकलेले असतात. बारापेक्षा जास्त झाले, की दुसरा गोल दुसऱ्या खोलीत लावा. एकाच खोलीत दोन गोल चालत नाहीत.

वाद्यं

मँडोलिन, फिडल, पाच तारांचा बँजो, स्टीलच्या तारांची गिटार आणि डबल बेस. डोब्रो (धातूची तबकडी बसवलेली, आडवी धरून वाजवायची गिटार) असेल तर उत्तम. गिटार कितीही चालतात, असं सगळ्यांना वाटतं, पण चारपेक्षा जास्त गिटार झाल्या की त्यांतल्या दोघांनी हलक्या हाताने वाजवावं. बेस मात्र एका वेळी एकच. दोन बेसवाले आले तर एकाआड एक गाणं वाटून घ्या. खालचे दोन सूर अगदी थोडे जरी वेगळे लागले, तरी सगळ्या गोलाचा पाया डळमळतो.

ड्रम, काहोन (पेटीसारखा ड्रम), बोधरान (आयरिश डफ), चमचे, खंजिरी नको. ब्लूग्रासचा ड्रम म्हणजे मँडोलिनचा ‘चॉप’: चार मात्रांपैकी बेस 1 आणि 3 वर, मँडोलिन 2 आणि 4 वर, तारा दाबून लगेच सोडलेला कोरडा ठोका. त्यावर दुसरं कुणी ठोकू लागलं की हा धागा ऐकू येईनासा होतो. कुणी बोधरान घेऊन आलंच, तर सगळ्यांसमोर बोलू नका. बाजूला नेऊन सांगा आणि कोरस गायला बसवा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वादकांसाठी थोडं वेगळं. तबल्याबद्दल वरचाच नियम लागू. व्हायोलिन आपल्या पद्धतीने सा-प जोडीत, गायकाच्या पट्टीला लावलेलं असेल, तर इथे ते जी-डी-ए-ई असं पाश्चात्त्य पद्धतीने लावावं लागतं. कारण गाण्यागणिक पट्टी बदलते आणि दर वेळी खुंट्या पिळायला वेळ नसतो. हार्मोनियम शिकलेल्याला मात्र इथल्या पट्ट्या पटकन समजतात: जी म्हणजे पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात, सी पांढरी एक, डी पांढरी दोन, आणि बी फ्लॅट म्हणजे काळी पाच.

सूर लावणं

थंडीत गाडीतून आणलेलं वाद्य लगेच पेटीबाहेर काढू नका. पेटी बंद ठेवूनच वीस मिनिटं खोलीत राहू द्या. थंडगार लाकडावर उबदार हवेतलं पाणी साचतं, आणि एकदम तापल्यावर पॉलिशला बारीक तडे जातात. शिवाय घाईने लावलेला सूर दहा मिनिटांत बदलतो. ब्रिटनची हवा बाहेर दमट असली तरी हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते. वाद्य ठेवलेल्या खोलीत आर्द्रता 45 ते 55 टक्के राहील असं बघा. कोरड्या हवेत गिटारचा वरचा फळा बसतो आणि तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबांवर) खडखडतात. दमट हवेत तो फुगतो आणि तारा बोटांना उंच लागतात.

प्रत्येकाने आपापला क्लिपचा ट्यूनर आणावा, ए 440 वर. एकमेकांना ऐकून सूर लावायला पबात शांतता नसते. कपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा मानेवरचा चिमटा) फ्रेटच्या अगदी मागे चिकटवून लावा. मागे सरकला तर तारा वाकतात आणि सूर चढतो. कपो लावल्यानंतर पुन्हा ट्यूनर बघा. ही सवय नसलेले दोन गिटारवाले संध्याकाळभर सगळ्यांना छळतात आणि त्यांना ते कळतही नाही.

बँजोची पाचवी तार मध्येच, पाचव्या फ्रेटपाशी सुरू होते, त्यामुळे साधा कपो तिला धरत नाही. तिच्यासाठी मानेवर छोट्या आगगाडीच्या मॉडेलच्या रुळांचे असतात तसले बारीक खिळे ठोकलेले असतात, सातव्या आणि नवव्या फ्रेटवर. कपो दुसऱ्या फ्रेटवर लावला तर पाचवी तार सातव्याच्या खिळ्याखाली अडकवायची, म्हणजे ए मिळतो. कपो चौथ्यावर तर नवव्याचा खिळा, म्हणजे बी. खिळ्याखाली तार किंचित चढते, तेव्हा खुंटी थोडी उतरवा. काळी पाचसाठी कपो तिसऱ्यावर लावा आणि तार सातव्याच्या खिळ्याखाली ठेवून अर्धा सूर खुंटीने चढवा.

बँजोचा ब्रिज (तारांखालची घोडी) चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने उभा असतो, आणि पेटीत धक्का लागून सरकतो. तपासायचं असं: पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटवर बोट फक्त टेकवून घंटेसारखा सूर काढा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज शेपटीकडे केसभर सरकवा, उतरा असेल तर मानेकडे. चौथ्या तारेवर पुन्हा बघा. तारा तुटल्या तर पंचाईत नको म्हणून पहिल्या तारेचे दोन जोड जवळ ठेवा. पहिली आणि पाचवी बहुधा सारख्याच जाडीच्या असतात, दोन्हीकडे चालतात. विकत घेताना टोकाला फास असलेल्या तारा घ्या. गिटारच्या, टोकाला मणी असलेल्या तारा बँजोला बसत नाहीत.

आणि बँजोचा आवाज. हा जॅममधला सगळ्यांत मोठा वादाचा मुद्दा आहे आणि तो फडक्याने मिटतो. मागचं रेझोनेटर, म्हणजे पाठीमागचं लाकडी झाकण, काढा (चार खुंटीस्क्रू असतात), आतली आडवी दांडी आणि प्लास्टिकचं कातडं यांच्या फटीत हातरुमालाची घडी सरकवा. घडी कातड्याला हलकेच टेकली पाहिजे, दाबून भरली तर सूर मरतो. एवढंही नको असेल तर कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा ब्रिजच्या मधल्या पायावर लावा. आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो आणि बोटांची चाल तशीच राहते. नव्या बँजोवाल्याला ही युक्ती सांगणं म्हणजे त्याला गोलात कायमची जागा देणं.

गाणं कसं चालतं

ज्याची पाळी, तो त्या गाण्याचा म्होरक्या. तो गाण्याचं नाव, पट्टी, लय आणि सुरुवात कोण करणार हे सांगतो. एखादी वेगळी कॉर्ड (साथीला एकदम वाजवायचा स्वरांचा गुच्छ) असेल तर तीही. उदाहरणार्थ, ‘ओल्ड जो क्लार्क’ ही धून ए मध्ये वाजते आणि तिच्यात जी कॉर्ड येते. आधी सांगितलं नाही तर निम्मे लोक तिथे ई धरतात.

कॉर्ड आकड्यांनी सांगायच्या: 1, 4, 5. मराठी कानाला हे सोपं आहे, कारण ते सा, म, प यांवर उभं आहे. जी मध्ये जी-सी-डी, ए मध्ये ए-डी-ई, बी मध्ये बी-ई-एफ शार्प, सी मध्ये सी-एफ-जी, डी मध्ये डी-जी-ए. गाताना बोलता येत नाही, म्हणून म्होरक्या एक, चार किंवा पाच बोटं वर करतो. गिटारवाले बहुधा जी चे आकार धरून कपो हलवतात: ए साठी दुसरा फ्रेट, काळी पाचला तिसरा, बी ला चौथा. म्हणून नवशिक्याने समोरच्या गिटारची बोटं नुसती बघून नक्कल करू नये. कपो कितव्या फ्रेटवर आहे ते आधी बघावं.

पट्टी गाणाऱ्याची. पुरुषांची बरीच गाणी जी, ए, बी मध्ये, बायकांची सी, डी, ई मध्ये बसतात, पण हा काही नियम नाही. ‘मूळ रेकॉर्ड बी मध्ये आहे’ म्हणून कुणाला घसा ताणायला लावू नका.

सुरुवातीला एक जण गाण्याची शेवटची ओळ वाजवतो. मग कडवं, कोरस, आणि त्यानंतर एका वाद्याचा ‘ब्रेक’, म्हणजे कडव्याएवढी एकट्याची पाळी. पुन्हा कडवं, कोरस, ब्रेक. ब्रेक कुणाचा हे म्होरक्या कोरसच्या शेवटच्या ओळीआधीच नजरेने किंवा मानेने सांगतो. उशीर झाला तर पुढची ओळ रिकामी जाते किंवा तिघे एकदम उठतात. नको असेल तर मान हलवून नाही म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. ब्रेक येत नसेल तर नुसती चाल साधेपणाने वाजवली तरी पुरते.

ज्याचा ब्रेक चालू आहे, त्याच्याखाली सगळ्यांनी उतरायचं. फिडल आणि मँडोलिन यांचा ब्रेक असेल तर बँजोने ठोक्यावर येऊन तारा दाबून साथ द्यावी. गिटारचा ब्रेक असेल तर सगळ्यांनी अगदी कुजबुजीवर यावं, कारण गिटार या गोलातलं सगळ्यांत दबणारं वाद्य आहे. गिटारचा ब्रेक ऐकू आला, तो जॅम चांगला.

भजनात धृपद धरताना सगळे एकच सूर धरतात. इथे कोरसला तीन वेगळे सूर लागतात: मधला मुख्य, त्याच्या वर साधारण तिसऱ्या स्वरावर टेनर, खाली बॅरिटोन. प्रत्येक सुराला एकच माणूस. दोन टेनर झाले की दोघं वेगवेगळ्या ठिकाणी चढतात. बाकीच्यांना गायचंच असेल, तर मुख्य सूर हळू आवाजात धरावा.

संपवताना म्होरक्या शेवटच्या कोरसमध्ये पाय वर उचलतो. हा इशारा जगभर चालतो, म्हणून प्रत्येक ओळीगणिक एकदा म्होरक्याच्या पायाकडे नजर टाकायची. शब्द कागदावर असतील तर गाणाऱ्यापुरते ठीक. पण फोन बघून वाजवणाऱ्याला ना पाय दिसतो, ना बोटं.

गाडी घसरली तर

लय चढत जाणं हा रोजचा आजार. कारण सहसा दोनपैकी एक: सुरुवात करणाऱ्याने गाण्याऐवजी आपल्या ब्रेकची लय धरली, किंवा ब्रेकच्या पहिल्या ओळीत उत्साह आला. उपाय: सुरू करण्याआधी कोरस मनातल्या मनात एकदा म्हणून बघा, शब्द ज्या लयीत नीट बसतात ती लय धरा. लय आवरायची ती बेसने आणि मँडोलिनने, बाकीच्यांनी ‘हळू’ असं ओरडून नाही.

कुणाची मात्रा चुकली आणि दोन तट पडले, तर बेस आणि गिटारने पहिल्या कॉर्डवर थांबून राहावं, म्होरक्याने ‘वन’ म्हणून मोठ्याने हाक द्यावी आणि सगळ्यांनी तिथे यावं. जमलं नाही तर हसून थांबवा आणि पुन्हा सुरू करा. काही जुन्या गाण्यांत ओळीच्या शेवटी दोन मात्रा जास्त असतात, ती आधी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

नवशिक्यांसाठी पहिला तास संथ ठेवा: मेट्रोनोम (लय मोजायचं यंत्र) मिनिटाला 80 ते 90 टिक, प्रत्येक टिकला बेसचा एक ठोका. नंतर 100 ते 110. 130 च्या पुढची गाणी शेवटच्या अर्ध्या तासात. उलटं केलं तर नवशिके पुढच्या खेपेला येत नाहीत, आणि सहा महिन्यांत गोलात तेच पाच जुने जण उरतात. ज्यांना पद्धतशीर शिकायचं आहे त्यांना ‘सोअर फिंगर्स’ सांगा. ऑक्सफर्डशरमधल्या किंगहॅम हिल स्कूलमध्ये ईस्टरच्या सुमारास भरणारं हे आठवड्याचं निवासी शिबिर आहे.

जाहिरात आणि शेवट

जाहिरातीत ‘दर दुसरा मंगळवार’ असं लिहू नका. निम्मे लोक त्याचा अर्थ पंधरवड्याने असा घेतात, निम्मे महिन्याचा दुसरा मंगळवार असा. तारखाच लिहा, तीन महिन्यांच्या. ॲम्प्लिफायर नाही, ड्रम नाहीत, संथ तास साडेसातला, गाडी कुठे लावायची, शेवटची ट्रेन किती वाजता, एवढं पुरे. ब्रिटिश ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनलाही कळवा. या संगीताचं ब्रिटनभरचं संघटन तीच करते.

संथ तासानंतरचे दोन तास, एका गाण्याला बोलण्यासकट सहा-सात मिनिटं, म्हणजे अठरा-वीस गाणी होतात. नऊ जण असतील तर प्रत्येकाला दोनदा गाणं निवडता येतं. पाळी गोलाने फिरवा. कुणी गप्प असेल तर ‘तुला कुठलं येतं?’ असं नाव घेऊन विचारा, आणि त्याचं गाणं कितीही सोपं असलं तरी ते पूर्ण वाजवा.

दहा वाजून वीस मिनिटांनी शेवटचं गाणं, सगळ्यांना येणारं, जी मध्ये. मग कपो काढा, बँजोतला हातरुमाल काढा, फिडलच्या गजाचे केस सैल करा, पेट्या बंद करा. खुर्च्या होत्या तिथे लावा, ग्लास बारवर नेऊन ठेवा, आणि निघण्याआधी पबमालकाकडून पुढची तारीख पक्की करून घ्या.